गावच्या मागांचं संग्रहालय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इचलकरंजी, सोलापूर, मालेगाव, भिवंडी, विटा, येवला अशा मागांवर उभ्या राहिलेल्या गावांत "आपल्या धंद्याचं एखादं संग्रहालय हवं" असं अनेकांना वाटतं. पुढं काय करायचं हे मात्र कुणी नीट सांगत नाही. खालची उत्तरं अशा मंडळींसाठी आहेत: शाळेचे शिक्षक, वाचनालयाचे कार्यकर्ते, विणकर सोसायट्या आणि आजोबांचा माग अजून माळ्यावर ठेवून असलेली घरं. उदाहरणं मागांची असली तरी गुऱ्हाळ, छापखाना, काचकारखाना किंवा तेलघाणा यांनाही बरंचसं लागू पडेल.

एवढी घाई कशासाठी? माग तर अजून चालू आहेत.

चालू आहेत, पण ते वेगळे आहेत. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आणला. त्यानंतर कित्येक दशकं धोट्याचे माग, म्हणजे आडवा धागा लाकडी धोट्यातून इकडून तिकडे नेणारे माग, हेच गावाचं जगणं होतं. आता रेपियर आणि एअरजेट हे बिनधोट्याचे माग आल्यामुळे धोट्याचा माग किलोच्या भावानं भंगारात जातो. बिडाची चौकट फोडून ट्रकमध्ये पडली की ती भट्टीतच वितळते. हातमागाचं लाकूड तर सरळ चुलीत जातं. धोटा बनवणारे सुतार, धोट्याला टोला देणारे चामड्याचे पिकर करणारे, वहीफणी (उभे धागे वर-खाली करणाऱ्या वह्या आणि आडवा धागा ठोकणारी फणी) भरणारे आणि मागाची जुळणी-दुरुस्ती करणारे, माग कानानं ओळखणारे जॉबर आता सत्तरी-ऐंशीत आहेत. यंत्र एकवेळ दुसऱ्या गावात सापडेल, पण ते कसं चालवायचं हे सांगणारा माणूस गेला की उरतो तो लोखंडाचा सांगाडा.

सुरुवात कशानं करायची? जागेनं, वस्तूंनी की पैशानं?

नोंदीनं. बहुतेक ठिकाणी आधी इमारतीसाठी धावपळ होते, मग उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात मिळेल ते गोळा केलं जातं, आणि वर्षभरानं कुठली वस्तू कुणाची होती हे कुणालाच सांगता येत नाही. नोंद नसलेली वस्तू म्हणजे जुना बाजार. उलट, शंभर पानांची एक नीट भरलेली वही आणि कपाटभर वस्तू असल्या तरी ते संग्रहालय असतं.

पहिले सहा महिने गावाची पाहणी करा. कुठल्या गल्लीत कोणता माग आहे, कुणाकडे जुने फोटो आहेत, कुणाला मोडी वाचता येतं, कुणाच्या माळ्यावर जकार्डची (नक्षी विणणाऱ्या यंत्राची) भोकं पाडलेली पंचकार्डं पडून आहेत, हे सगळं लिहून काढा. या काळात वस्तू घेऊ नका, फक्त "विकण्याआधी आम्हाला सांगा" एवढं सांगून ठेवा. एका गोष्टीला मात्र अपवाद करावा लागतो. भंगारवाल्याच्या दारात उभा असलेला माग तेव्हाच घ्यावा लागतो.

देणारे उत्साहानं काहीही आणून देतात. सगळं घ्यायचं का?

नाही, आणि नकार देणं सोपं व्हावं म्हणून धोरण आधीच कागदावर उतरवा. एक पान पुरतं: आम्ही कोणत्या परिसराचं, कोणत्या धंद्याचं आणि साधारण कोणत्या काळाचं जमवतो. पितळी समई, जुनी नाणी, तलवारी, ग्रामोफोन या वस्तू सुंदर असतात, पण मागांच्या संग्रहालयात त्या घुसल्या की पाहणारा त्यांच्याकडेच जातो आणि सुताच्या कांड्या भरायचा कांडी रहाट कोपऱ्यात पडतो.

एकाच प्रकारच्या तीनपेक्षा जास्त वस्तू ठेवू नका. एक चांगल्या स्थितीतली, एक वापरून झिजलेली आणि एक मुलांच्या हाती देण्यासाठी. झिजलेली वस्तू कमी प्रतीची समजू नका. धोट्याच्या एका कुशीवर पडलेली खोबण आणि मालकीसाठी चाकूनं कोरलेली खूण पुष्कळ काही सांगते, आणि कोऱ्या धोट्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं.

वस्तू देणाऱ्याकडून काय लिहून घ्यावं?

दानपत्र. त्यात देणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं वर्णन, "ही वस्तू माझ्या मालकीची असून ती संस्थेला कायमची व विनाअट देत आहे" हे वाक्य, तारीख, दोन्ही बाजूंच्या सह्या आणि एक साक्षीदार हवा. जंगम वस्तूचं दान ताबा दिल्यानं कायद्यानं पूर्ण होतं, त्यासाठी दस्त नोंदवावा लागत नाही. तरीही कागद हवाच, कारण दहा वर्षांनी वस्तू मागायला देणारा येत नाही, त्याचे पुतणे येतात. माग सामाईक घरातला असेल तर सगळ्या भावांच्या सह्या घ्या.

"आमचं नाव कायम लावलं पाहिजे", "हे याच दालनात राहिलं पाहिजे" अशा अटी मान्य करू नका. "तुमच्याकडे राहू दे, लागलं तर नेऊ" ही कायमची उसनवार तर सर्वांत वाईट. दुरुस्ती, राखण आणि जागा तुमची, मालकी मात्र दुसऱ्याची. उसनी वस्तू घ्यायचीच असेल तर ठरावीक मुदतीची घ्या, मुदत संपली की परत करा किंवा नवा कागद करा.

दाखल नोंदवही कशी ठेवायची?

बांधीव, पानांवर आकडे छापलेली जाड वही घ्या. काळ्या, न फुटणाऱ्या शाईनं लिहा. खाडाखोड नको. चूक झाली तर एक रेघ मारून वर दुरुस्ती करा आणि सही करा. संगणकावरची प्रत जरूर ठेवा. पुण्याच्या सी-डॅकनं संग्रहालयांसाठी 'जतन' ही प्रणाली विकसित केली आहे, आणि लहान संस्थेला साधी स्प्रेडशीटही चालते. पण मूळ पुरावा म्हणजे वही.

क्रमांकाची सोपी पद्धत अशी: वर्ष, त्या वर्षातला कितवा देणगीदार, आणि त्याच्या देणगीतली कितवी वस्तू. म्हणजे 2025.7.2. एक नमुना नोंद पाहा:

*2025.7.2. धोटा, यंत्रमागाचा. लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, चिनी मातीचा डोळा. लांबी 38.5 सेंमी, रुंदी 4.4, उंची 3.3. डाव्या कुशीवर 11 सेंमी लांब झिजलेली खोबण. वरच्या बाजूस चाकूनं कोरलेली फुली. आत अर्धी भरलेली कांडी, पांढरं सूत. एक टोपण सैल. देणाऱ्याच्या वडिलांनी वापरलेला, धोतराच्या मागावर. फुलीची खूण शेजारच्या मागाशी अदलाबदल होऊ नये म्हणून केलेली.*

शेवटची दोन वाक्यं सर्वांत मोलाची आहेत. मापं उद्याही घेता येतील, ही वाक्यं मात्र वस्तू हातात येते त्या दिवशीच मिळतात.

वस्तूवर क्रमांक कसा टाकायचा?

लाकूड आणि धातूवर आधी पॅरालॉइड बी-72 या ॲक्रिलिक राळेचा पारदर्शक थर द्यावा. ॲसिटोनमध्ये साधारण 20 टक्के विरघळवून तो ब्रशनं लावतात. वाळल्यावर बारीक पेननं क्रमांक लिहायचा आणि वर दुसरा थर. काढायचा झाला तर ॲसिटोननं निघतो, वस्तूला डाग राहत नाही. नेलपॉलिश वापरू नका, ते पिवळं पडतं आणि पापुद्र्यांसारखं सुटतं. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून ती फीत कोपऱ्यात दोन-चार सैल टाक्यांनी शिवा. कागदाच्या मागे मऊ शिसपेन्सिल. स्टिकर, सेलोटेप, स्टेपल आणि ऑइलपेंट कशावरही नको. मोठ्या यंत्राला तारेनं बांधलेली पितळी चकती पुरते. क्रमांक दिसेल न दिसेल अशा जागी, पण प्रत्येक वस्तूवर ठरलेल्या एकाच बाजूला टाका.

माग उतरवून दुसरीकडे उभा कसा करायचा?

सर्वांत जास्त नुकसान इथं होतं, म्हणून जरा विस्तारानं.

शक्य असेल तर उतरवण्याआधी माग एकदा चालवून घ्या आणि चारही बाजूंनी चित्रीकरण करा. चालवणारा विणकर आणि जॉबर दोघेही हजर हवेत. काय चाललंय ते त्यांना बोलत राहायला सांगा. मग मोटरपासून मागापर्यंतचं अंतर, पट्ट्याची लांबी, दोन मागांमधली वाट, विणकर उभा राहायचा ती झिजलेली फरशी, सगळं मोजून आराखडा काढा.

मागावर अर्धवट विणलेलं कापड असेल तर ते कापू नका. शेवटची ऑर्डर काय होती याचा तोच एकमेव पुरावा असतो. ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे एकाआड एक वेगळे ठेवणाऱ्या दोन काठ्या जागीच राहू द्या आणि त्यांची टोकं एकमेकींना बांधा. फणीच्या पुढे आणि मागे ताणा दोन-दोन लाकडी पट्ट्यांच्या चिमट्यात पकडून सुतळीनं घट्ट आवळा. नंतर वह्या, फणी आणि विणलेली कड यांचं एकच गाठोडं करून बीमवर (ताणा गुंडाळलेल्या रुळावर) गुंडाळा. पट्ट्या न लावता बीम काढला की ताणा ढिला पडून धाग्यांचा गुंता होतो. दोन-अडीच हजार धागे पुन्हा वहीफणीत भरायला जाणकार माणसालाही दिवस मोडावा लागतो.

मग सुटे भाग: धोटा, पिकिंग स्टिक (धोटा फेकणारा दांडा), पिकर, चामडी पट्टे, मग स्ले (फणी धरून पुढं-मागं हलणारा भाग), मग शाफ्ट, आणि शेवटी साईड फ्रेम. प्रत्येक नट ज्या बोल्टचा त्याच बोल्टवर परत चढवा आणि चिठ्ठी घालून पिशवीत ठेवा. लँकेशरहून आलेल्या जुन्या मागांवर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स किंवा ब्लॅकबर्नच्या हेन्री लिव्हझी अशी ओतीव नावं दिसतात, आणि त्यांचे आटे व्हिटवर्थ मापाचे असतात. बाजारातला मिलिमीटरचा बोल्ट दोन आटे जातो आणि अडतो. तो जोरानं फिरवला की जुना आटा कायमचा जातो. अडलेल्या नटाला पेनिट्रेटिंग ऑइल लावून रात्रभर थांबा. गॅसकटर आणि घण दोन्ही दूर ठेवा. बीड ठिसूळ असतं, एकाच जागी तापलं किंवा दणका बसला की तडकतं, आणि तडकलेलं बीड सांधणं हे वेल्डिंगच्या साध्या दुकानाचं काम नाही.

सर्वांत महत्त्वाची खूण दातेरी चाकांची. वरचा क्रँक शाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा खालचा शाफ्ट एक. कोणता दात कोणत्या दातात बसला होता, तिथं दोन्ही चाकांवर व्हाइटनरचा ठिपका द्या आणि फोटो काढा. ही खूण हुकली तर माग दिसायला बरोबर उभा राहतो, पण धोटा चुकीच्या क्षणी सुटतो. मग तो ताण्यात अडकतो, शेकडो धागे तोडतो, किंवा मागाबाहेर उडतो.

उचलताना साखळी न लावता रुंद कापडी पट्टे वापरा, आणि आडव्या पट्टीला धरून उचलू नका. नव्या जागी चौकट पाणसळ लावून समतल करा. तिरका उभा केलेला माग चालवला की बेअरिंगं एका बाजूनं खातो.

पहिल्या मजल्यावर माग ठेवता येईल का?

टाळा. राहत्या घराची स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून केलेली असते. यंत्रमागाचं कित्येकशे किलो वजन चार पायांवर येतं आणि वर हादरे. यंत्रं तळमजल्यावर, कपडे आणि कागद वर.

खड्डामाग दाखवायचा आहे. खरा खड्डा खणावा का?

जमीन कोरडी असेल आणि पावसाळ्यात पाणी वर येत नसेल तरच. नाहीतर खड्ड्यात ओल धरते, पायानं दाबायच्या पावड्या कुजतात आणि वाळवीला वाट मिळते. त्यापेक्षा मागाभोवती अडीच फूट उंच लाकडी ओटा करा आणि विणकराचे पाय जातात ती बाजू उघडी ठेवा. मुलांना पावड्या बाजूनं दिसतात, जे खऱ्या खड्ड्यात कधीच दिसत नाही.

यंत्रं चालू ठेवावीत की नुसती मांडावीत?

एक चालू, बाकीची शांत. आवाज, कंप, तेलाचा वास आणि धोट्याची झेप याशिवाय माग समजतच नाही. पण चालवलेला प्रत्येक तास यंत्र झिजवतो. म्हणून गावात मुबलक असलेला प्रकार चालवा आणि दुर्मिळ माग जपा. बदललेल्या प्रत्येक भागावर "नवा" अशी खूण आणि वहीत नोंद, काढलेला जुना भाग पेटीत.

सुरक्षेत तडजोड नको. धोट्यासमोर गार्ड हवाच. मागाच्या दोन्ही कडांच्या सरळ रेषेत, म्हणजे धोटा उडू शकतो त्या बाजूंना, कुणालाही उभं करू नका. प्रेक्षक पुढच्या बाजूला, कठड्यामागे निदान दोन मीटरवर. पट्टा आणि चाकं जाळीत. लाल रंगाचा थांबवायचा खटका चालवणाऱ्याच्या हाताशी. प्रात्यक्षिक पाच मिनिटांचं पुरे, कारण एका मागाचाही आवाज बंद खोलीत कानाला त्रास देतो. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस आणि गळ्यातलं ओळखपत्र आधीच आवरायला सांगा.

लोखंड गंजलंय. रंग द्यावा का?

नको. रंगाखाली गंज पसरत राहतो आणि मूळ रंग, ओतीव अक्षरं, हाताच्या घासानं आलेली चकाकी सगळं झाकलं जातं. सँडपेपर आणि ग्राइंडरही नको.

सुटा गंज पितळी तारांच्या ब्रशनं काढा, धूळ व्हॅक्युमनं ओढा, केरोसीनमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. नंतर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर देऊन मऊ कापडानं घासा. कोकणात आणि घाटमाथ्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी, देशावर दोन वर्षांनी एकदा. फिरणाऱ्या भागांना यंत्राचं तेल. खोबरेल, शेंगदाणा किंवा जवसाचं तेल कधीही लावू नका. ते घट्ट होऊन चिकटतं, धूळ धरतं, आणि जवसाच्या तेलाची फडकी ढिगात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. वापरलेली फडकी पाण्यात बुडवून बाहेर ठेवा.

कापडाचं काय? जुनी लुगडी, धोतरं, चादरी, पैठणी?

प्रकाश हा कापडाचा पहिला शत्रू. दालनात 50 लक्सच्या वर नको, म्हणजे डोळा सरावेपर्यंत अंधारं वाटेल इतका. थेट ऊन काही महिन्यांत जांभळा-लाल उडवतं. लुगडं तीन-चार महिने मांडा, मग वर्षभर विश्रांती.

घडी हा दुसरा शत्रू. घडीच्या रेषेवरच कापड फाटतं, जरीची तार तर तिथंच तुटते. लांब कापड जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, मध्ये मांजरपाट घाला. नवा मांजरपाट आधी दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, कारण खळ म्हणजे कसरीला आणि झुरळाला मेजवानी. नळी मिळाली नाही तर घडीत कापडाच्या गुंडाळ्या घाला आणि दर तीन महिन्यांनी घडीची जागा बदला.

धुवायचा मोह आवरा. सायझिंगची (विणण्याआधी सुताला दिलेली) खळ, तेलाचे डाग, गिरणीचा शिक्का हे सगळं माहितीचं आहे. डांबराच्या गोळ्या कपड्यात ठेवू नका, कामाला बसणाऱ्या माणसालाही त्या अपायकारक आहेत. वाळलेला कडुनिंब थोडा उपयोगी, पण पानं कापडाला थेट लागली तर डाग पडतात. मलमलच्या पिशवीत घालून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा.

कसर, वाळवी, लाकडातला भुंगेरा यांचा बंदोबस्त?

नवीन आलेली प्रत्येक वस्तू निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर ठेवा. कागदावर पिठासारखा बारीक भुसा पडला की भुंगेरा जिवंत आहे.

कापड आणि साधं लाकूड यांना गोठवण्याचा उपाय चांगला आहे. वस्तू प्लॅस्टिकमध्ये हवा काढून बंद करा, उणे 18 ते 20 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका. उघडली तर थंड कापडावर दव धरतं आणि बुरशीला निमंत्रण मिळतं. रंगवलेलं लाकूड, काच आणि हस्तिदंत गोठवू नका.

वाळवीसाठी वस्तूपेक्षा इमारतीकडे पाहा. मातीची नळी कुठून वर येते ते शोधा, गळकी पाईप आणि भिंतीला टेकलेली जुनी फळकुटं हटवा. मग उभ्या इमारतींसाठीच्या आयएस 6313 भाग 3 या भारतीय मानकाप्रमाणे काम करणारा ठेकेदार लावा. कपाटं भिंतीपासून निदान चार बोटं दूर.

पावसाळ्यात काय करायचं? एसी परवडत नाही.

रात्री बंद होणारा एसी नसलेलाच बरा, कारण तो आर्द्रता रोज वरखाली करतो. आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बुरशी धरते. डिजिटल आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, पण त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, दोन थेंब पाण्यानं चिखलासारखं करा, मापकासह झिपच्या पिशवीत सात-आठ तास ठेवा. आकडा 75 दिसला पाहिजे. 70 दिसला तर पाच मिळवून वाचा.

कोरड्या दुपारी खिडक्या उघडा, पाऊस लागला की बंद करा. खोलीत पंखा हळू फिरता ठेवा. कागद आणि कापडाच्या पेट्यांत सिलिका जेल, रंग बदलला की भाजून पुन्हा. हे काम रोज करणारं ठरलेलं एक माणूस हवं, आणि तपासल्याची वेळ लिहायला दारामागे तक्ता.

हजेरीपट, पगारपत्रकं, युनियनची पत्रकं, वह्या सापडल्या. काय करू?

आधी आहे तो क्रम जपा. गठ्ठा ज्या क्रमानं बांधलेला सापडला, तो क्रम हीच माहिती आहे. गंजलेल्या टाचण्या काळजीनं काढा. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांनी कागद मरतो, तो परत आणता येत नाही. स्कॅन 300 ते 400 डीपीआय, मूळ प्रत टिफमध्ये, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरांत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पेढीच्या वह्या मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधीच गाठा. मुंबईच्या गिरणगावातले कागद असतील तर 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपातली पत्रकं, पावत्या, उधारीच्या वह्या विशेष जपा. किराणा दुकानातली उधारीची वही संपाबद्दल जे सांगते ते अग्रलेखात सापडत नाही. मात्र हयात माणसांची देणी, आजार, शिस्तभंगाच्या नोटिसा जाहीर मांडू नका.

कामगारांच्या मुलाखती कशा घ्यायच्या?

"त्या काळी कसं होतं हो?" असं विचारलं की "फार कष्ट होते" एवढंच उत्तर येतं. हाताला प्रश्न विचारा. धागा तुटला की आधी काय बघायचा? कांडी संपत आल्याचं कशावरून कळायचं? जुन्या धोट्यात सूत तोंडानं ओढून घ्यायचात तेव्हा रंगाची चव कशी लागायची? रात्रपाळीत झोप कशी मारायची? बोनस मिळाला की पहिली खरेदी कोणती? हातात धोटा किंवा वही देऊन चित्रीकरण करा, कारण गाठ मारायची पद्धत शब्दांत सांगताच येत नाही.

एका बैठकीला तास-दीड तास पुरे. पंखा आणि टीव्ही बंद. माइक कॉलरला. संमती लेखी घ्या, आणि काही भाग इतकी वर्षं बंद ठेवायचा असेल तर तशी अट मान्य करा.

फक्त मालक आणि जॉबर यांच्यापाशी थांबू नका. घरोघरी कांड्या भरणाऱ्या बायकांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं, आणि त्यांच्याशिवाय एकही माग चालत नव्हता. त्यांच्याकडे दुपारी जा, बाई मुलाखतकार पाठवा, आणि घरातले पुरुष शेजारी बसून उत्तरं देऊ लागले तर त्यांना चहाला बाहेर न्या. भाषाही त्यांचीच ठेवा. सोलापूरच्या पद्मशाली घरात तेलुगू, मालेगाव-भिवंडीच्या मोमीन घरात उर्दू. अनुवाद नंतर करता येतो.

फलकावर किती लिहावं?

जास्तीत जास्त साठ ते ऐंशी शब्द. अक्षर इतकं मोठं की चष्मा विसरलेल्या आजींना दोन हातांवरून वाचता यावं. आधी वस्तूचं गावातलं नाव, मग ती काय करते, मग कुणी वापरली. उदाहरण:

*कांडी रहाट. मोठ्या गुंडीतलं सूत छोट्या कांडीवर भरण्यासाठी. उजव्या हातानं चाक, डाव्या हाताच्या चिमटीतून सूत. चिमट घट्ट धरली तर सूत तुटतं, सैल धरली तर कांडी फुगते आणि धोट्यात बसत नाही. हे काम बहुतेक घरी, बायका आणि मुली करत. मजुरी कांड्यांच्या संख्येवर.*

"प्राचीन", "वैभवशाली", "अनमोल ठेवा" हे शब्द काढून टाका. त्यांच्या जागी एक माप किंवा एक नाव घाला.

कायद्याचं काय बघावं लागतं?

संस्था सार्वजनिक न्यास म्हणून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली नोंदवा, देणाऱ्यांना करसवलत मिळावी म्हणून आयकर खात्याची मान्यता घ्या. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू पुरावस्तू ठरतात, हस्तलिखितं व दस्तऐवजांना ही मर्यादा 75 वर्षांची आहे. अशा वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे. पाया खणताना जमिनीत काही सापडलं तर ते 1878 च्या गुप्तनिधी कायद्याखाली येतं, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. फोटोंचा स्वामित्वहक्क फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, म्हणून स्टुडिओचे फोटो छापताना लेखी परवानगी घ्या.

पैसे कुठून येतात?

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना आहे. 2013 च्या कंपनी कायद्यात सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या) यादीत वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन आहे, त्यामुळे गावातल्या सूतगिरण्या आणि प्रोसेसिंग कारखान्यांकडे रीतसर जाता येतं. पण उभारणीसाठी पैसे मिळतात, रोज दार उघडायला मिळत नाहीत. म्हणून पगार, वीज, मेण, कीडनियंत्रण आणि विमा यांचा तीन वर्षांचा खर्च हाती असल्याशिवाय दारावर पाटी लावू नका. उद्घाटनानंतर वर्षभरात कुलूप लागलेल्या बहुतेक संग्रहालयांत हाच हिशोब चुकलेला असतो.

आधी कुठली संग्रहालयं पाहून यावीत?

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, रोजच्या वापरातली वस्तू किती आदरानं मांडता येते ते बघायला. मुंबईच्या आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय, एखाद्या सेवेनं आपली यंत्रं कशी जपली ते बघायला. गोव्यात बाणावलीचं गोवा चित्र, शेती-कारागिरीच्या अवजारांसाठी. अहमदाबादचं 1949 मध्ये सुरू झालेलं कॅलिको संग्रहालय, कापड कसं टिकवतात ते समजून घेण्यासाठी. तिथला मंद प्रकाश खास लक्षात घ्या. जाल तिथं दालनापेक्षा कोठार दाखवायची विनंती करा.

शाळेच्या सहलींना कसं हाताळावं?

एका वेळी पंचवीस मुलं, दोन गट. हाताळणीच्या वस्तू नोंदवहीतल्या नकोत, वेगळ्या संचातल्या हव्यात: कांड्या, जुनी फणी, पुठ्ठ्याचा छोटा माग, खळ लावलेलं आणि न लावलेलं सूत. दोन्ही धागे बोटांत घासून कुठला आधी तुटतो ते पाहिलं की सायझिंग कशाला करतात हे सांगावं लागत नाही.

उद्या संस्था चालेनाशी झाली तर वस्तूंचं काय?

हे पहिल्याच दिवशी घटनेत लिहा. संस्था सोसायटी म्हणूनही नोंदलेली असेल तर सोसायटी नोंदणी कायदा 1860 नुसार विसर्जनानंतर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. कुठल्या संस्थेकडे, ते आधीच ठरवा: जिल्ह्यातलं दुसरं संग्रहालय, विद्यापीठाचा इतिहास विभाग, नाहीतर नगरपालिकेचं वाचनालय. त्यांची लेखी तयारी घ्या आणि दर पाच वर्षांनी ती ताजी करा. नोंदवहीची स्कॅन केलेली प्रत आणि मुलाखतींची हार्डडिस्क आजपासूनच त्यांच्याकडे ठेवा, म्हणजे वस्तू नेताना कुठला धोटा कुणाचा हे त्यांना कुणाला विचारावं लागणार नाही.